लिंक तूच केलीस, मग संशय कुणावर?

मोबाईलवर घाईत मराठी टाइप करताना पूर्णविरामानंतरची स्पेस राहतेच. "पाऊस आला, लाईट गेली.नेट पण नाही" असं लिहून होतं आणि मधलंच "गेली.नेट" निळं होतं, खाली रेघ येते, कारण एडिटरला, म्हणजे आपण ज्यात लिहितो त्या ॲपला, ती वेबसाइट वाटते. त्याला तसं वाटण्याला आधार आहे, हे आधीच सांगते. .नेट हे देवनागरीतलं खरंखुरं टॉप लेव्हल डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या नावाचं शेवटचं टोक आहे, .कॉम आहे, .संगठन आहे, आणि .भारत तर ऑगस्ट २०१४ पासून चालू आहे, मराठी-कोकणीसकट देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी. हिंदीवाले वाक्य दंडाने संपवतात, आपण टिंबाने, आणि डोमेनच्या नावातला सांधा नेमका टिंबाचाच. त्यामुळे "लई भारी वाटलं.भारत जिंकला" हे वाक्य, यादी बघून लिंक ओळखणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामला वेबसाइटसारखंच दिसणार.

माझी तक्रार त्या निळ्या रेघेची नाहीच. तक्रार पुढच्या पायरीची आहे. त्याच प्रोग्रामात दुसरा एक भाग बसलेला असतो, लिंक संशयास्पद आहे का ते बघणारा. तो या निळ्या तुकड्याकडे बघतो, नाव ओळखीचं नाही, कधी दोन लिप्या एकत्र दिसतात, कधी दिसत नसलेलं एखादं अक्षर सापडतं, आणि तो इशारा टाकतो. मी लिंक दिलेलीच नसते. एका भागाने ती बनवली, दुसऱ्याने तिच्यावर बोट ठेवलं, आणि वाचणाऱ्याला काय दिसतं तर या बाईने काहीतरी गडबड पाठवलीय. एकाच सोसायटीत एका वॉचमनने पाहुण्याला हाताला धरून आत आणावं आणि दुसऱ्याने त्यालाच चोर म्हणून धरावं, तसं.

मी सातारा-सांगली भागातल्या बचत गटांसाठी मराठीत माहिती लिहिते. कुठली योजना, कुठला फॉर्म, शेवटची तारीख काय, कागदपत्रं कुठली, ई-केवायसी कुठे करायची. दिवसभर लिंकाच लिंका. आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये मजकूर करायचा, मग मेलमध्ये, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी वेगळाच माझ्या वाक्यातली लिंक शोधतो आणि कुणीतरी वेगळाच ती तपासतो. त्यामुळे मला हे सगळं मुळापासून समजून घ्यावंच लागलं, आणि जसजसं समजत गेलं तसं जाणवलं की मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकालाच हे नडतं, फक्त आपण मोबाईल येडा झाला म्हणून सोडून देतो.

लिंक ओळखायच्या ढोबळ दोन रीती आहेत. एक सावध रीत, "एचटीटीपी" किंवा "एचटीटीपीएस" आणि पुढे कोलन-स्लॅश दिसलं तरच लिंक धरायची, नाहीतर हात लावायचा नाही. व्हीएस कोडसारखे प्रोग्रामर लोकांचे एडिटर असंच करतात. दुसरी रीत अंदाजाची, मध्ये टिंब आहे का, टिंबानंतरचं अक्षरजुळं डोमेनच्या यादीत आहे का, असेल तर लिंक. चॅट, मेल, नोट्सची ॲप्स बहुतेक या दुसऱ्या रीतीची. १९८५ मध्ये ही यादी सुरू झाली तेव्हा हातावर मोजण्याइतकी नावं होती, कॉम, नेट, ऑर्ग, एज्यू, गव्ह, मिल. २०१२ मध्ये आयकॅनने, म्हणजे डोमेनच्या नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने, नवीन नावांसाठी अर्ज मागवले तेव्हा १९३० अर्ज आले, आणि आज यादी १४०० च्या वर गेलीय. मे २०२३ मध्ये गूगलने .झिप सगळ्यांना खुलं केलं, म्हणजे "फोटो.झिप पाठवलीय बघ" यातली फाइल पण आता वेबसाइट असू शकते. देशांची डोमेन घ्या, एमडी म्हणजे मोल्दोव्हा, पीवाय म्हणजे पराग्वे, आरएस म्हणजे सर्बिया, आणि हीच तिन्ही प्रोग्रामच्या फाइलींची शेपटं. शिवाय डिटेक्टर, म्हणजे लिंक ओळखणारा भाग, तुमचं टाइप करून होईपर्यंत थांबत नाही. "को.इन" असं संपणारं नाव लिहिताना "को"पर्यंत आलात की तेवढ्या क्षणापुरता तो पत्ता कोलंबियाचा असतो, आणि काही ठिकाणी इशारा तेवढ्यातच चमकून जातो. यादी जेवढी लांबली तेवढा अंदाज कच्चा झाला, एवढंच.

पण मराठीचा खरा पेच प्रत्ययाचा आहे.

आपण विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटवून लिहितो. टेबलवर, बँकेत, साइटवरून. शाळेत हेच शिकलो, तोडून लिहिलं की बाई लाल पेनने गोल करायच्या. मग लिंक लिहितानाही हात तसाच चालतो, "फॉर्म एक्झाम्पल.ऑर्गवर भरा". (हे नाव उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे, १९९९ पासून, म्हणून बिनधास्त वापरतेय. ते मूळ रोमन अक्षरांत आहे आणि चिकटलेलं "वर" तेवढं देवनागरीत, असं डोळ्यापुढे आणा.) लिंक कुठे संपली? मराठी वाचता येणारं चौथीतलं पोर सांगेल, ऑर्गपाशी. प्रोग्रामला मात्र हे सहज कळत नाही, कारण वेबच्या पत्त्यात देवनागरी अक्षर चालतं, जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९८७ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने ते रीतसर मान्य केलंय, आणि मान्य व्हायलाच हवं होतं. मग तो तीनातलं एक काहीतरी करतो. कधी "वर" सोडून देतो आणि सगळं सुरळीत होतं. कधी "वर"सकट सगळं गिळतो. आणि कधी, हे मला सगळ्यात जास्त लागतं, तो अक्षर मधोमध फोडतो. "ऑर्गच्या" असं लिहिलं असेल तर "च" लिंकमध्ये जातो आणि हलन्त-या-काना बाहेर राहतात, निळी रेघ संपते तिथे ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ येतं आणि त्याला तुटलेली जोडाक्षराची शेपटी लटकलेली असते. याचं कारण असं की अनेक डिटेक्टर "अक्षर" म्हणून युनिकोडमधला (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणारं मानक) फक्त लेटर हा वर्ग मोजतात, आणि आपला काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, अनुस्वार हे सगळे मार्क या वेगळ्या वर्गात आहेत. ज्याने तो नियम लिहिला त्याच्या भाषेत मात्रा नव्हत्या, बाकी काही नाही.

"वर" गिळलं की पुढे काय होतं ते बघा. डिटेक्टरच्या हिशोबाने आता डोमेनचं शेवटचं टोक "ऑर्गवर" झालं, निम्मं रोमन, निम्मं देवनागरी. असं नाव नेटवर शोधायचं तर ते आधी प्युनीकोडमध्ये, म्हणजे नुसत्या रोमन अक्षर-आकड्यांत, बदलावं लागतं, मार्च २००३ ची ही पद्धत, आणि बदललं की नावाच्या पुढे एक्सएन आणि दोन डॅश लागतात, नंतर अक्षरांचा गिचमिड काला. हे बघून तपासणारा भाग बिथरणारच. नावाच्या पुढे स्लॅश देऊन पानाचं नाव असेल आणि "वर" त्याला चिकटलं असेल तर डोमेन वाचतं, पण देवनागरीच्या एकेका अक्षराचे तीन-तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइटचं टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणारं तुकडं, म्हणजे साध्या "वर"ची टक्क्यांची सहा तुकडी लिंकच्या शेपटाला लागतात. पान तर उघडत नाहीच, वर सरकारी साइटची चांगली स्वच्छ लिंक कुणा भामट्याने पाठवल्यासारखी दिसायला लागते.

इशारा देणाऱ्या भागाची बाजू पण नीट मांडायला पाहिजे, कारण तो काही उगाच घाबरत नाही. २००२ मध्ये इस्रायलमधल्या गॅब्रिलोविच आणि गोंटमाखर या दोघांनी मायक्रोसॉफ्टचं नाव दोन रशियन अक्षरं घालून नोंदवून दाखवलं, बघायला हुबेहूब तेच. २००५ मध्ये पेपालच्या नावातला "ए" रशियन करून तीच गोष्ट पुन्हा दाखवली गेली. मग ब्राउझरवाल्यांनी दोन लिप्या मिसळल्या तर पकडायचं असा नियम आणला, तर एप्रिल २०१७ मध्ये शूडाँग झेंग नावाच्या डेव्हलपरने ॲपलचं अख्खं नाव रशियन लिपीतल्याच अक्षरांत लिहिलं, काही मिसळलंच नाही, आणि क्रोमला ५८ व्या आवृत्तीत तो नियम आणखी आवळावा लागला. टेक्स्ट एडिटरांना खरी जाग आली नोव्हेंबर २०२१ मध्ये, केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी ट्रोजन सोर्स प्रसिद्ध केलं तेव्हा. डोळ्यांना न दिसणारी, मजकुराची दिशा उलटवणारी चिन्हं कोडमध्ये घातली की माणसाला एक दिसतं आणि मशीन दुसरंच वाचतं. त्यानंतर व्हीएस कोडने थोड्याच आठवड्यांत अशा अक्षरांभोवती पिवळी चौकट आणली, अदृश्य अक्षरं, फसवी अक्षरं, सगळी दाखवायची. मी ते बंद करा म्हणणार नाही. मी ज्या बायकांसाठी लिहिते त्यांच्या खात्यात महिन्याला येणारी रक्कम बघितली तर एक चुकीची लिंक त्यांना परवडत नाही.

फक्त "फसवं" काय हे ठरवलं कुणी आणि कुठे बसून, ते बघितलं की आपली अडचण कळते. युनिकोडची एक यादी आहे, एकमेकांसारख्या दिसणाऱ्या अक्षरांची. तिच्यात आपला विसर्ग रोमन कोलनच्या शेजारी बसलाय आणि आपलं शून्य रोमन "ओ"च्या. दिसायला सारखे आहेतच, यादी चूक नाही. व्हीएस कोडने पुढे शहाणपणा करून शब्दातली बाकीची अक्षरं पण बघायला सुरुवात केली, म्हणजे "दुःख" असा पूर्ण देवनागरी शब्द असेल तर तो गप्प बसतो, पण एकटंच "०" लिहिलं की चौकट येते. त्याच युनिकोडच्या सुरक्षेच्या दस्तऐवजात, क्रमांक ३९, लिप्या मिसळण्याच्या पायऱ्या आहेत. "कडक" पायरीवर रोमनबरोबर जपानी चालते, चिनी चालते, कोरियन चालते. देवनागरी नाही, ती एक पायरी खाली, "मध्यम" मध्ये. चिनी-जपानी लोकांच्या रोजच्या लिहिण्यात रोमन मिसळतं हे तिथे कुणीतरी नीट मांडलं होतं म्हणून ती सोय झाली. आपल्याही रोजच्या लिहिण्यात मिसळतं, बारामतीपासून बे एरियापर्यंत मिसळतं, ते त्या टेबलावर तेवढ्या जोरात गेलेलं दिसत नाही.

आणि मग आपला "ऱ्या". दुसऱ्या, शेतकऱ्याला, करणाऱ्यांची. हा अर्धा र म्हणजे मराठीची खास ठेव. संगणकात तो दोन तऱ्हांनी येतो. एक, नुक्तावाला ऱ, हलन्त आणि य. दोन, साधा र, हलन्त, मध्ये शून्य रुंदीचा जोडक आणि मग य. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिकलेली कितीतरी मंडळी अजून दुसऱ्या तऱ्हेने लिहितात, आणि त्यात काहीही गैर नाही, युनिकोडने ती चालवून घेतलीय. पण तो जोडक "अदृश्य अक्षर" आहे ना. म्हणजे "शेतकऱ्यांसाठी" असा साधा शब्द पानाच्या पत्त्यात आला की तपासणाऱ्याला लपवलेलं काहीतरी सापडतं. त्याहून पुढचं म्हणजे डोमेनच्या नावांचे नियम दोन पिढ्यांचे आहेत. २००३ चे नियम हा जोडक गुपचूप काढून टाकतात, २००८ चे नियम हलन्तानंतर आला असेल तर ठेवतात. आता डिटेक्टर जुन्या नियमाने चालला आणि तपासणारा नव्या, तर एकाच नावाचे दोन वेगळे पत्ते होतात, आणि दोघं मिळून आपल्याला सांगतात की दाखवलेली लिंक आणि खरी लिंक जुळत नाही. लिहिणाऱ्याने तर एकदाच लिहिलं होतं. (डोमेनच्या अगदी शेवटच्या टोकासाठी, म्हणजे .भारतच्या जागी, आयकॅनच्या निओ-ब्राह्मी गटाने नऊ भारतीय लिप्यांचे नियम बसवले, तिथे हा जोडक चालतच नाही. म्हणजे निदान तेवढ्या तुकड्यापुरता वाद मिटलेला आहे.)

फॉरमॅटिंगवाल्या एडिटरमधली आणखी एक गोष्ट, थोडक्यात. तिथे लिंक म्हणजे दोन गोष्टी, दिसणारा मजकूर आणि आतला पत्ता. तुम्ही एक पत्ता टाइप केला, स्पेस दाबली, एडिटरने आपणहून आत तोच पत्ता भरला. मग लक्षात आलं की तालुका चुकला, दिसणारं नाव दुरुस्त केलं. आतला पत्ता कधी बदलतो, कधी जुनाच राहतो. शिष्यवृत्तीच्या एका सूचनेत आमच्याकडे हेच झालं, वर दिसत होता एक फॉर्म, आत दुसरा, आणि समोरच्या मेलसेवेने अख्खी सूचना स्पॅममध्ये टाकली कारण दिसणारं आणि खरं जुळेना. भामटे नेमकं हेच करतात त्यामुळे त्या सेवेला दोष देता येत नाही. पण आतला पत्ता आम्ही भरलाच नव्हता, आम्हाला तो दिसतही नव्हता.

आता वाचणाऱ्या बाजूला या. एका गटाच्या अध्यक्ष ताई आहेत, हिशोबाला पक्क्या, फोनवर दर दोन-चार सूचनांमागे त्यांचा कॉल ठरलेला, "म्याडम, लिंकवर लाल आलंय, दाबू का नको?" सुरुवातीला मला हे ऐकून बरं वाटायचं, बाई विचारते, सावध आहे. मी म्हणायचे दाबा ताई, आपलीच आहे. पुढे त्यांचे फोन कमी झाले. एकदा गटाच्या मीटिंगला भेटल्या तेव्हा विचारलं, तर म्हणाल्या, "आता नाय विचारत, लाल तर समद्यावरच येतंय." मला त्या दिवशी खरंच धस्स झालं. कारण वीजबिल थकलंय, आज रात्री लाईट तोडणार, असे मेसेज त्यांच्याच फोनवर येतात, चलान भरा म्हणून ॲपची फाइल येते, आणि त्या वेळी जे लाल दिसेल ते बरोबर असेल. खोट्या इशाऱ्यांनी आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना लाल रंग न बघायला शिकवलं.

आपल्याकडे या बाबतीत काम होतच नाही असं नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाने २०२४ मध्ये नियम लावला की कंपन्यांच्या एसएमएसमध्ये आधी नोंदवलेली लिंक असेल तरच मेसेज पुढे जाईल. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना बँक.इन या शेपटाचे पत्ते घ्यायला लावले, म्हणजे माणसाने नावाचं फक्त शेवटचं टोक बघावं आणि ओळखावं. कल्पना उत्तम आहे, मला मनापासून आवडली, समजवायला सोपी आहे. पण मराठीत आपण ते वाक्य कसं लिहिणार? "तुमच्या बँकेच्या अमुक.बँक.इनवर जा." जे टोक बघायला सांगितलंय त्याच टोकाला आपला प्रत्यय चिकटतो.

उपाय अवघड नाही असं मला वाटतं, आणि हे मी प्रोग्राम लिहिणाऱ्या दोघा-तिघांशी बोलून म्हणतेय. लिंक ओळखणारा आणि लिंक तपासणारा, दोघांनी एकच पार्सर (मजकुराचे तुकडे पाडून वाचणारा भाग) वापरायचा, म्हणजे पत्ता कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याचा निकाल एकदाच लागेल. रोमन डोमेन यादीतल्या शेपटावर पूर्ण झालं आणि लगेच पुढे देवनागरी सुरू झाली, तर लिंक तिथेच संपवायची, कारण तसं मिश्र शेपूट जगात अस्तित्वातच नाही. मात्रा-हलन्ताच्या आधी कधीच तोडायचं नाही. एचटीटीपी नसताना नुसत्या टिंबावरून बनवलेली लिंक असेल आणि तपासणाऱ्याला ती पटली नाही, तर इशारा दाखवण्याऐवजी ती लिंकच रद्द करून साधा मजकूर ठेवायचा, कारण ती कुणी मागितलीच नव्हती. आणि इशारा द्यायचाच असेल तर कुठल्या अक्षरामुळे दिला ते अक्षर दाखवायचं. युनिकोडवाल्यांनी लिंक कुठे संपते याच प्रश्नावर वेगळा दस्तऐवज हाती घेतलाय, क्रमांक ५८, म्हणजे ही अडचण फक्त आपली नाही हे त्यांनाही पटलंय. तुर्की लोक विशेषनामाला प्रत्यय लावताना मध्ये वरचा स्वल्पविराम देतात, तो डिटेक्टरला खूण म्हणून पुरतो. आपल्याकडे तशी खूण नाही आणि एका ॲपसाठी आपण मराठीत ती आणावी असं मला वाटत नाही.

तोवर मी लिंक वेगळ्या ओळीत लिहिते, वर "खालच्या लिंकवर जा" असं वाक्य पूर्ण करून. दुसरीकडून मजकूर आणला तर कंट्रोल-शिफ्ट-व्हीने साधा चिकटवते, एडिटरने आपणहून लिंक केली की लगेच कंट्रोल-झेड मारते, शब्द तसाच राहतो आणि लिंक तेवढी जाते. गटातल्या पोरींनाही हेच शिकवलंय. पण प्रत्येक मराठी माणसाने आपलं वाक्य मोडून लिहावं ही अपेक्षा धरून बसता येणार नाही, म्हणून आम्ही वापरतो त्या एडिटरच्या लोकांना बग म्हणून कळवायला घेतलंय. लांबलचक तक्रार लिहीत नाही, नुसती वाक्यं देते: "फॉर्म एक्झाम्पल.ऑर्गवर भरा", "एक्झाम्पल.ऑर्गच्या पानावर", "लाईट गेली.नेट पण नाही", आणि दोन्ही तऱ्हांनी लिहिलेलं "शेतकऱ्यांसाठी". प्रत्येकासमोर लिंक कुठे सुरू व्हायला हवी, कुठे संपायला हवी, की मुळात नकोच, एवढंच. तुमच्याकडे अशी आणखी वाक्यं असतील, विशेषतः कोकणीतली, तर पाठवा, मी त्यात घालते.